डावीकडचं सतरावं गेट

४ फेब्रुवारी

भिंगरी,

आशीर्वाद वगैरे तुझ्या वहिनीकडून घे, तिच्याकडे भरपूर आहेत. माझ्याकडचे रविवारचा पेपर बघून संपले.

अर्धं पान! होडीत गुडघे टेकून बसलायस, वल्हं उगारलंय, तोंडावर पाणी, आणि खाली ही मोठी अक्षरं: 'एकट्याच्या जिवावर'. वा रे वा! मावशीने त्या दिवसापासून बिल्डिंगमध्ये एकाला सोडलेलं नाही. दूधवाल्याला दाखवून झालं, खालच्या डॉक्टरीणबाईंना दोनदा दाखवून झालं. परवा तिला डोळे तपासायला नेलं. तो तपासणारा म्हणाला, "आजी, वरची ओळ वाचा." ही पिशवीतून कात्रण काढून म्हणते, "आधी तू हे वाच." मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत, जिना दिसत नाही, पण लेक दिसतो. जिन्यावर हात धरायला मात्र मी.

मुलाखत मी तीनदा वाचली. 'लहानपणी मावसभावाबरोबर थोडंफार खेळलो.' थोडंफार! अकरा वर्षं, भिंगरी! अकरा वर्षं आपण दोघांच्या होडीत एकामागे एक गुडघे फोडून घेतले. तू पुढे, मी मागे. तुझं वल्हं उजवीकडे, माझं डावीकडे. फोटोत कायम तू, आणि तुझ्या खांद्यामागे माझा एखादा कान.

त्या पेपरवाल्याने खेळही अर्धवटच समजावलाय. म्हणे उसळत्या पाण्यावर तारेला काठ्यांच्या जोड्या टांगतात, त्यांना गेट म्हणतात, त्यातून होडी काढायची, काठीला धक्का लागला की दोन सेकंद वाढतात, गेट चुकलं की पन्नास. बरं मग? लाल गेटांचं काय? प्रवाहाकडे तोंड फिरवून उलटं वर चढावं लागतं त्यांचं काय? आपण तिथेच तर सगळ्यांना मागे टाकायचो. आणि डाव्या काठाचं लाल गेट आलं की होडी कोण वळवायचं, हे त्याला तू सांगितलं नाहीस वाटतं.

असो. आठ वर्षांपूर्वी कुठल्याशा बैठकीत दोघांची शर्यत मोठ्या स्पर्धांतून काढून टाकली. तू एकट्याच्या होडीत बसलास, मी इथे कालव्यावर नोकरीला लागलो. पंप चालू करतो, फुटक्या होड्यांना ठिगळं लावतो, काठ्या टांगतो. मला कुणी ढकललं नव्हतं. आमची कार्टी दोन महिन्यांची होती, नोकरी चालून आली, मीच हो म्हणालो. कुणाच्या नावाने बोटं मोडायचीही सोय नाही, म्हणून तुझ्या नावाने मोडतो.

तुमच्या कोचने शिबिरात सगळ्यांचे फोन कुलपात टाकले हे उत्तम केलं. समोर असतास तर हे तोंडावर माझ्याने बोलवलं नसतं.

दादा

१३ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र वाचून इतका हसलो की खोलीतला जोडीदार विचारत होता काय झालं. आईचा तो डोळ्यांचा किस्सा मी सगळ्यांना सांगितला. तू काय लिहितोस रे!

मुलाखतीचं मनावर घेऊ नकोस. मी तुझ्याबद्दल वीस मिनिटं बोललो होतो, त्याने एक ओळ ठेवली. शपथ.

इथलं सांगतो. पहाटे पाण्यात, मग जेवण, मग पुन्हा पाण्यात. कपडे वाळतच नाहीत, सगळी खोली ओल्या मोज्यांनी घाण मारते. मोठ्या स्पर्धेला एकट्याच्या होडीतला एकच जण जाणार. तीस मार्चला निवडीची शर्यत. मी तेहेतीस वर्षांचा. पुढच्या वेळी सदतीस. म्हणजे पुढची वेळ नाहीच. समोर एक बावीस वर्षांचा गडी आहे, त्याला आम्ही जिराफ म्हणतो. हात असे लांब की हा काठावर बसून पलीकडचं गेट पुसून येईल. वाईट म्हणजे स्वभावाने चांगला आहे. माझं वल्हं उचलून आणून देतो, 'काका' म्हणतो. काका!

एक सांगतो, कुणाला बोलू नकोस. वहिनीला नाही, आईला तर नाहीच. उजवा खांदा गेलाय. सरळ वल्हवताना काही नाही, पण वल्हं अंगावरून आडवं डावीकडे न्यायचं म्हटलं की आत कुणीतरी दोरी ओढतो. कोचला माहीत नाही. कळलं तर त्याच दिवशी नाव खोडेल.

तुझं बरं आहे रे दादा. संध्याकाळी पंप बंद केला की घर. वहिनी आहे, कार्टी आहे, माझी आईसुद्धा तुझ्याकडेच आहे. कधीकधी वाटतं, तूच शहाणा निघालास.

तुझा भिंगरी

२० फेब्रुवारी

भिंगरी,

'तुझं बरं आहे' हे पुन्हा लिहिलंस तर पत्र न फोडता परत पाठवीन. तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या.

काय बरं आहे? रोज सकाळी मी पाण्याचा पंप चालू करतो, कालवा भरतो, लाटा उठतात आणि मी काठावर उभा. कालच एका पोरीच्या होडीचं फुटकं टोक चिकटवत होतो. ती म्हणाली, "काका, तुम्ही कधी बसलायत का हो होडीत?" मी म्हटलं, "थोडंफार." तुझाच शब्द वापरला.

स्पष्टच लिहितो, मला तुझा हेवा वाटतो. तुझ्या ओल्या मोज्यांचासुद्धा वाटतो. तुला जिराफ काका म्हणतो याचाही वाटतो, कारण तो तुला हरवायला बघतोय, मला हरवायला कोण बघतंय? तुझी वहिनी म्हणते, "अहो, आठ वर्षं झाली, आता पुरे." तिला काय सांगू? आठ वर्षांत ते कमी नाही झालं, वाढलं.

खांद्याचं वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण मला नीट कळलं नाही. मग डावीकडच्या लाल गेटांचं तू करतोस काय? एखादं असेल तर निभावतं का? दोन लागोपाठ आली तर? खुलासेवार लिही. सुचलंच काही तर सांगीन.

मावशीचं ऑपरेशन सोमवारी आहे. काळजी करू नकोस, मी आहे.

दादा

२८ फेब्रुवारी

दादा,

तुला असं वाटत असेल याची मला कल्पनाच नव्हती. म्हणजे तू टोमणे मारतोस ते माहीत होतं, पण ते तू वहिनीच्या चहालाही मारतोस. चिडू नकोस रे. शर्यत झाली की येतो, दोघांची जुनी होडी काढू, कार्टीला काठावर बसवून दाखवू तिचा बाप काय होता ते.

आता डावीकडचं. तू विचारलंस ते बरं केलंस, इथे कुणाशी बोलताच येत नाही. एकटं गेट असेल तर मी चोरी करतो. वल्हं आडवं न नेता उजवीकडूनच सगळी होडी गोल फिरवतो आणि पाठमोरा घुसतो. सेकंदभर जातो, पण दिसायला झोकात दिसतं. कोच म्हणतो, ही भिंगरीची स्टाईल. त्याला काय माहीत ती दुखण्याची स्टाईल आहे! दोन लागोपाठ आली तर दुसऱ्याला हात उचलावाच लागतो. आणि ते दुसरं जर मोठ्या उताराच्या लगेच खाली, डाव्या काठाला चिकटून असेल, तर माझं कठीण आहे. तिथे फिरायला जागाच नाही. पण इतकं वाईट कोण मांडेल? सहसा तिथे उजवीकडे देतात.

खरं सांगू? खांदा नंतर गेला. डावं माझं आधीपासूनच कच्चं. अकरा वर्षं ते तुझ्या वाट्याचं होतं, मला शिकायची गरजच पडली नाही.

काही सुचलं तर लगेच लिही.

भिंगरी

१५ मार्च

भिंगरी,

मावशीचं ऑपरेशन छान झालं. पट्टी काढल्यावर पहिल्यांदा म्हणाली, "भिंती किती मळल्यात तुमच्या!"

आता हे वाच. निवडीच्या शर्यतीचा कोर्स मांडायचं काम आपल्या खेळाच्या मंडळाने मला दिलंय. उद्या सूचनाफलकावर नाव लागेल. कुठलं गेट कुठे टांगायचं ते मी ठरवणार. मी अध्यक्षांना सांगितलं की एक स्पर्धक माझा मावसभाऊ आहे. ते म्हणाले, "अहो, एवढासा आपला खेळ, इथे कोण कुणाचा काका नाही? तुमचा हात सरळ आहे, बस्स." तेव्हा शर्यतीपर्यंत मला लिहू नकोस, मीही लिहिणार नाही. तिथे समोर दिसलो तरी बोलायचं नाही.

दादा

३ एप्रिल

दादा,

तू न भेटताच गेलास. मी कपडे बदलून तुम्ही उभे होतात त्या टॉवरखाली आलो तर तिथला माणूस म्हणाला, ते केव्हाच बस पकडायला गेले. मला वाटतं तुला वाटलं असेल मी चिडलोय. नाही रे. म्हणून आधी हेच लिहायला बसलो.

एकोणचाळीस शतांश सेकंद. जिराफ तेवढ्याने पुढे. एकाही काठीला माझा धक्का नाही, कोचने चारदा बघून खात्री केली.

आदल्या दिवशी तुम्ही काठ्या टांगल्यावर आम्ही सगळे काठाने चालत कोर्स पाठ करत होतो, तेव्हाच मला ते दिसलं. पंधरा डावीकडे लाल, आणि उताराच्या लगेच खाली सतरा, पुन्हा डावीकडे लाल, काठाला चिकटून. मग म्हटलं, दादाचा नाइलाज आहे. सगळ्यांना माहीत आहे मी त्याचा भाऊ आहे. सोपं मांडलं असतं तर उद्या लोकांनी त्याला नावं ठेवली असती. रात्रभर हेच स्वतःला सांगितलं आणि शांत झोपलो, खरंच.

पंधराव्याला नेहमीसारखा फिरलो. सतराव्याला काय झालं ते फक्त तुलाच सांगू शकतो. उतरलो, होडीचं तोंड डावीकडे वळलं, आता वल्हं आडवं न्यायचं. आणि मी नेलंच नाही. खांद्यामुळे नव्हे. दुखणं सोसायची तयारी करूनच आलो होतो. मी थांबलो, दादा. पुढे वाकलो आणि गप्प बसून राहिलो, कारण त्या जागी माझं काम तेवढंच असायचं, मागून तुझं वल्हं पडायचं. मी त्याची वाट बघत होतो. आठ वर्षं एकटा खेळतोय आणि मी तिथे वाट बघत बसलो! अर्धा सेकंद असेल. मग लक्षात आलं, मागे कुणी नाही.

कोचला म्हटलं, पाणी तोंडावर आलं.

मी आता राखीव. म्हणजे स्पर्धेला जायचं नाही, पण जिराफ जाईपर्यंत इथेच राहून त्याच्याबरोबर सराव करायचा. चांगली बातमी तुझी आहे. जेवताना अध्यक्ष आमच्या टेबलावर आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "सख्ख्या मावसभावाच्या वाटेत असं गेट टांगायला छाती लागते. असा माणूस हवा." मोठ्या स्पर्धेचा कोर्स मांडायला आपल्याकडून तुझं नाव पाठवतायत! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आईला काय सांगितलंस?

भिंगरी

१२ एप्रिल

भिंगरी,

मावशीला सांगितलं की पाणी खराब होतं. ती म्हणाली, "मग त्या दुसऱ्याला चांगलं पाणी कुठून मिळालं?"

मंडळाचं पत्र आलंय. शिक्का, सही, सगळं. तुझ्या वहिनीने ते फ्रिजवर लावलं. मी नऊ दिवस येताजाता त्याच्याकडे बघतोय. पत्र लिहायला घेतो आणि फाडतो.

वीस फेब्रुवारीला मी तुला डावीकडचं खुलासेवार विचारलं, तेव्हा कोर्स मी मांडणार हे मला कळून तीन दिवस झाले होते.

आता पुढचं तुला कळलंच असेल, पण मी लिहितो, मला लिहू दे. तुझं अठ्ठावीस तारखेचं पत्र मी खिशात घेऊन गेलो होतो. सतराव्या गेटची तार ओढताना ते खिशात होतं. काठ्या टांगायला माझ्याबरोबर असलेला गडी म्हणाला, "हे उजवीकडे देऊ या का? उताराखाली फार अवघड होतंय." मी म्हटलं, "नाही, इथेच." छाती वगैरे काही लागली नाही. पोट दुखत होतं तुझ्यावर, त्या पोटदुखीने टांगलं.

तू हरावंस असंही माझ्या मनात नव्हतं, असं मी बसमध्ये स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे की खरं, मला आता ठरवता येत नाही. मला हवं होतं की तू तिथे सगळ्यांसमोर अडखळावंस, आणि काठावरच्या एका तरी माणसाने म्हणावं, अरे, पूर्वी डावीकडे याच्या मागे कुणीतरी असायचा ना? कोण होता रे तो? बस्, एवढंच ऐकायला मी टॉवरवर कान टवकारून उभा होतो. तू अडखळलास. माझ्या शेजारी दोघे बोलले. एक म्हणाला, "वय झालं याचं." दुसरा म्हणाला, "हं." संपलं. कुणालाही मी आठवलो नाही.

तुला आठवलो. ते मला नऊ दिवसांनी, तुझ्या पत्रात कळलं. तू तिथे माझी वाट बघत बसलास. आठ वर्षं मला जे कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं ते हेच होतं रे, आणि ते मिळवायला मी तुझी शेवटची शर्यत घालवली. मी कार्टीच्या अंगावर विनाकारण ओरडलो आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो.

सोबत दुसरं पाकीट आहे. मंडळाच्या नावाने. त्यात मी सगळं लिहिलंय, तारखांसकट. तुझ्या खांद्याचंही लिहावं लागलं, त्याशिवाय माझा गुन्हा कळत नाही. पाकीट बंद नाही केलेलं, वाच. टाकायचं की फाडायचं ते तू ठरव. माझ्याने टाकवत नाही. तीनदा पेटीपर्यंत गेलो. मला तिकडे जायचंय, भिंगरी. अजूनही जायचंय. असा आहे मी.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा काही भरवसा नाही.

दादा

२७ एप्रिल

दादा,

उत्तराला उशीर झाला कारण पहिले चार दिवस मी तुझ्याशी आयुष्यात बोलणार नव्हतो.

मग पाकीट वाचलं. मंडळाला लिहिताना तू फार नीट लिहितोस. एकही टोमणा नाही. मी ते फाडायचं ठरवलं. खरंच ठरवलं होतं. म्हटलं, माझं तर गेलं, आपल्या होडीतला एक तरी तिकडे जाऊ दे. स्वतःचं फार कौतुक वाटलं मला. जिराफाशीसुद्धा दिवसभर गोड बोललो.

दुसऱ्या दिवशी तिकडच्या कालव्याचे फोटो आले. कोचने भिंतीवर लावले. नवाकोरा कालवा, दोन्ही बाजूंना बाकांच्या रांगा, आणि मधोमध उंच टॉवर. जिराफ बोट ठेवून म्हणाला, "काका, तुमचे दादा इथे उभे राहणार." आणि मला तू दिसलास. टॉवरवर, गळ्यात ओळखपत्र, हातात नकाशा, सगळं जग खाली पाण्यात आणि तू वरून बघतोयस. मी त्या दिवशी सराव केला नाही. जेवलो नाही. रोज सकाळी उठलो की पहिला विचार तो टॉवर. कुणी तुझं नाव काढलं की मी खोलीबाहेर जायचो. असं मला कधी झालं नव्हतं दादा, आयुष्यात नाही. मी कायम पुढे बसायचो ना. हे तू आठ वर्षं कसं सहन केलंस? मला आठ दिवस जमलं नाही.

काल दुपारी मी पाकीट टाकलं.

न्याय म्हणून टाकलं असं समजू नकोस. कोचला तसं सांगीन, तुला नाही सांगणार. तू तिकडे जाणार आणि मी नाही, हे मला बघवलं नाही, म्हणून टाकलं. पाकीट आत पडल्याचा आवाज झाला आणि त्याच क्षणी मी पेटीच्या फटीत हात घातला, काढायला. मनगटापर्यंतच जातो. एक बाई पत्र टाकायला मागे उभी होती, ती म्हणाली, "अहो, काय करताय?" मी म्हटलं, काही नाही, आणि तिथेच उभा राहिलो. पत्रं न्यायला गाडी आली, माणसाने माझ्यासमोर सगळी पिशवीत ओतली. मी ते परत मागितलं नाही.

तुझं जाणं आता रद्द होईल. खांद्याचं कळल्यावर माझं राखीव नावही राहणार नाही. कोच फोन परत देईल, मग तू मला किंवा मी तुला फोन करू शकू. मी करणार नाही. फोनवर मला हे जमणार नाही.

शनिवारी सामान बांधतोय, रविवारी दुपारी तुमच्याकडे पोचेन. आईला काय सांगायचं ते मी आल्यावर ठरवू. तू दार उघडणार नसशील तर वहिनीला उघडायला सांग.

भिंगरी